न दिसणारे सालदार

(खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आखाजी नुकतीच होऊन गेली. आपल्या खान्देशात सालदाराचे साल आखाजीपासून धरतात. गावोगाव बोलणी झाली असतील, कोणाचा जुना सालदार टिकला असेल, कोणाला नवा शोधावा लागला असेल. सालदार ठरवताना आपण त्याची कामाची हातोटी पाहतो आणि तोही आपल्याकडे पाहतो. वेळेवर भाकरी मिळते का, भर उन्हात कामाला जुंपतात का, आजारपणात विचारपूस होते का, हे तो आधी चौकशी करून घेतो. जो मालक हे पाळत नाही, त्याच्याकडे दुसऱ्या वर्षी सालदार राहत नाही.

आज मी तुम्हाला अशा सालदारांविषयी सांगणार आहे जे डोळ्यांना दिसत नाहीत, मजुरी मागत नाहीत आणि रात्रंदिवस राबतात. ते आपल्या मातीत आहेत, गोठ्यात आहेत, स्वयंपाकघरात आहेत, कारखान्यात आणि दवाखान्यातही आहेत. त्यांना सूक्ष्मजीव म्हणतात. मी कृषिविद्या शिकवतो, सूक्ष्मजीवशास्त्र हा माझा मुख्य विषय नव्हे. परंतु पीक उभे करताना पावलोपावली यांची गाठ पडते. त्यांच्याविषयी माझ्याकडून एक चूकही झाली आहे. ती चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा विषय निवडला.

घराघरातील ओळख

सूक्ष्मजीव हा शब्द नवा वाटला तरी आपल्या आया-बहिणी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या कामाला लावत आल्या आहेत. उन्हाळ्यात कुरडया करायच्या म्हणजे गहू तीन दिवस भिजत घालायचे आणि रोज पाणी बदलायचे. तिसऱ्या दिवशी आंबूस वास येतो, दाणा बोटाने दाबला की पांढरा चीक बाहेर पडतो. हे नुसत्या पाण्याचे काम नाही. भिजलेल्या दाण्यावर जिवाणू वाढतात, आम्ल तयार करतात आणि दाणा सैल पडतो. बिबड्यांसाठी ज्वारी भिजवून आंबवतो तेव्हाही हेच घडते.

विरजणाचेही तसेच. कोमट दुधात चमचाभर दही घातले की सकाळी भांडेभर दही होते. त्या चमच्यात कोट्यवधी जिवाणू असतात. ते दुधातील साखर खातात, लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि दूध घट्ट होते. पण उकळत्या दुधात विरजण घातले तर दही लागत नाही आणि थंडगार दुधात घातले तरी लागत नाही. गृहिणी बोट बुडवून अंदाज घेते. जिवाणूला किती ऊब मानवते हे तिला त्या बोटाने कळते. हे बोट बुडवणे लक्षात ठेवा. पुढे शेतात तेच उपयोगी पडणार आहे.

सूक्ष्मजीव किती वेगाने वाढतात, याचा हिशेब करून पाहू. मनाजोगे अन्न, ओलावा व ऊब मिळाली तर काही जिवाणू दर २० मिनिटांनी एकाचे दोन होतात. तासाला तीन वेळा दुप्पट, म्हणजे आठ तासांत चोवीस वेळा. एका जिवाणूपासून रात्रभरात १ कोटी ६७ लाखांहून अधिक! म्हणून चमचाभर विरजण पुरते. आणि म्हणूनच न धुतलेल्या हाताने, न धुतलेल्या कासेखाली काढलेले दूध आपल्या उन्हाळ्यात डेअरीवर पोहोचेपर्यंत नासते. कामाचा जिवाणू ज्या वेगाने वाढतो, त्याच वेगाने घातक जिवाणूही वाढतो.

उद्योगधंद्यातही हाच जीव राबतो. साखर कारखान्यातील मळीवर यीस्ट वाढवून अल्कोहोल तयार करतात आणि तेच पुढे इथेनॉल म्हणून पेट्रोलमध्ये मिसळतात. पाव फुगतो तो यीस्टमुळे. गोबर गॅसच्या टाकीत हवेशिवाय जगणारे जिवाणू शेणापासून मिथेन वायू तयार करतात आणि चूल पेटते. याच्या नेमके उलट काम आपल्याकडील केळीच्या ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेत चालते. तिथे बाटली, अन्नद्रव्य, अवजारे सर्व निर्जंतुक करावी लागतात, कारण एक जिवाणू जरी आत शिरला तरी रोपाआधी तोच वाढतो. थोडक्यात, कुठे सूक्ष्मजीव बोलवायचा आणि कुठे त्याला दारातच अडवायचा, हे कळणे म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र.

माझी चूक

आता ती चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. धुळे तालुक्यातील एका गावात मुगाला रायझोबियम जिवाणू खत लावण्याचे प्रात्यक्षिक घ्यायचे ठरले. एका आप्पांनी शेत दिले. अर्धा एकर जिवाणू खत लावून आणि शेजारी अर्धा एकर न लावता, असे नियोजन होते. मी पाकिटांचा खोका आदल्या दिवशीच जीपमध्ये ठेवला. त्या दिवशी तालुक्याच्या गावी बैठक होती. जीप दुपारभर उन्हात, काचा बंद करून उभी होती. बाहेर पारा ४३ अंशांच्या आसपास. आत किती होता ते मोजले नाही, पण संध्याकाळी खोक्याला हात लावला तर चटका बसला. मी तो खोका तसाच गावी नेला. माझ्या डोळ्यांसमोर ती काळी भुकटी म्हणजे युरियासारखेच एक खत होते.

पेरणी झाली, पाऊसही बरा झाला. पस्तिसाव्या दिवशी गावकरी गोळा केले आणि दोन्ही भागांतील रोपे उपटून दाखवली. मुळांवर कुठे चार, कुठे पाच गाठी, दोन्हीकडे सारख्याच. आप्पांनी दोन्ही रोपे हातात धरली, पुन्हा पुन्हा पाहिली आणि मला म्हणाले, "सर, तुमची पुडीही काळी आणि आमची मातीही काळी. मग फरक काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. घरी आल्यावर उमगले की पुडीत जिवाणू होते ते जीपमध्येच मेले होते. आपण पेरली ती लिग्नाइटची भुकटी. पिकाचे फार नुकसान झाले नाही, पण विश्वासाचे झाले. त्या दिवशी जमलेल्यांपैकी काही जणांनी पुढे कित्येक वर्षे जिवाणू खताचे नाव काढले नाही. पाकीट चांगले होते, शिफारसही बरोबर होती. चुकलो तो मी.

दुसऱ्या वर्षी आप्पांकडे पुन्हा गेलो आणि झाली ती चूक सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "मग औंदा नीट आणा." या वेळी पाकिटे ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी सावलीत ठेवली, बीजप्रक्रिया त्यांच्या ओसरीवर केली आणि लगेच पेरले. पस्तिसाव्या दिवशी खुरपीने मातीच्या ढेकळासकट रोप काढून पाण्यात धुतले. मुळाच्या वरच्या भागात टपोऱ्या गाठींचा झुबका होता. आप्पांनी एक गाठ नखाने फोडली. आतून लालसर होती. शेजारच्या, प्रक्रिया न केलेल्या भागातील गाठी थोड्या, बारीक आणि विखुरलेल्या. त्यानंतर काही सांगावे लागले नाही.

गाठीत काय चालते

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे. म्हणजे आपल्या प्रत्येक शेतावर नत्राचे आभाळच आहे, पण पिकाला ते थेट घेता येत नाही. युरियाच्या कारखान्यात हेच नत्र प्रचंड दाब आणि उष्णता देऊन पकडावे लागते. तेच काम मुगाच्या मुळावरची मिरीएवढी गाठ शेतातल्या साध्या तापमानाला, आवाज न करता करते. द्विदल पिके गाठींच्या साहाय्याने हवेतील नत्र घेतात, हे हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये दाखवून दिले. दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, हॉलंडच्या बायरिंक यांनी त्या गाठीतील जिवाणू वेगळा करून वाढवला. आज आपण पाकीट विकत घेतो त्याची सुरुवात तिथे आहे.

हा सौदा सालदारासारखाच आहे. झाड जिवाणूला साखर आणि राहायला जागा देते, जिवाणू झाडाला नत्र देतो. गाठीतील लाल रंग आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनशी नाते सांगणाऱ्या द्रव्याचा असतो. तो दिसला की सालदार कामावर आहे असे समजावे. गाठ आतून पांढरी असेल तर काम सुरू झालेले नाही किंवा जिवाणू निकामी आहे. हिरवट वा तपकिरी असेल तर तिचे काम संपले आहे.

एक खबरदारी घ्या. मुळावर दिसणारी प्रत्येक गाठ कामाची नसते. सूत्रकृमीमुळेही मुळांवर गाठी येतात. रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि बोटाने चोळली की सुटून येते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेले असते, ती सुटत नाही. रोप हिसका देऊन उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात.

जिवाणू खत वापरण्याची रीत

१. जिवाणू पिकानुसार निवडावा. मूग, उडीद, तूर, चवळी, मटकी, भुईमूग यांना चवळी गटाचे रायझोबियम चालते. सोयाबीनचे वेगळे आणि हरभऱ्याचे वेगळे. सोयाबीनचे पाकीट हरभऱ्याला लावले तर पैसे वाया गेले असे समजा. ज्वारी, बाजरी, कपाशी यांसाठी ॲझोटोबॅक्टर वापरतात. स्फुरद विरघळवणारे जिवाणू मात्र सर्व पिकांना चालतात.

२. पाकीट घेताना पिकाचे नाव, उत्पादनाची तारीख आणि अंतिम तारीख वाचावी. खत नियंत्रण आदेशात २००६ पासून जिवाणू खतांचाही समावेश झाला आहे. त्यानुसार भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. हा आकडा पाकिटावर छापलेला असला तरी तो सावलीत ठेवलेल्या पाकिटाचा आहे. पत्र्याच्या दुकानात दारात उन्हात टांगलेल्या पाकिटाचा नाही. दुकानदाराने पाकीट कुठे ठेवले आहे तेही पाहा.

३. पाकीट घरात सर्वांत थंड जागी ठेवावे. खते, कीटकनाशके यांच्याजवळ कधीही ठेवू नये. शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यातही ठेवू नये. गृहिणीचे बोट आठवा. फार गरम नको आणि फार गारही नको.

४. १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम भुकटी वापरावी. थोड्या कोमट पाण्यात गूळ विरघळवून ते पाणी पूर्ण थंड होऊ द्यावे. त्यात भुकटी कालवून बियाण्यावर हलक्या हाताने चोळावी. भुईमूग व सोयाबीनच्या बियाण्याची साल पातळ असते, तिथे विशेष जपावे.

५. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, कीटकनाशक त्यानंतर आणि जिवाणू सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा करू नये. शक्य असेल तेथे रासायनिक बुरशीनाशकाऐवजी ट्रायकोडर्मा वापरावा. हरभऱ्याच्या मर रोगाविरुद्ध किलोस ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा आणि त्यानंतर रायझोबियम, ही जोडी चांगली.

६. बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी, शक्यतो सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, पुरेशा ओलीवर पेरावे. कोरड्या तापलेल्या मातीत जिवाणू तग धरत नाही.

एवढे करूनही प्रत्येक शेतात सारखाच फायदा दिसेल असे मी म्हणणार नाही. ज्या जमिनीत ते पीक दरवर्षी घेतले जाते तिथे मूळचे जिवाणू असतात आणि फरक कमी दिसतो. सेंद्रिय कर्ब अगदी कमी असेल तर आणलेला जिवाणू उपाशी राहतो. सालदाराला भाकरी हवी तसा जिवाणूला काडीकचरा हवा. केळीची खोडे, पाने, कपाशीच्या पऱ्हाट्या बांधावर पेटवून देणे म्हणजे त्याची भाकरी जाळणे. रोगट झाडे वगळून बाकीचे बारीक करून शेण आणि कंपोस्ट कुजवणाऱ्या जिवाणू संवर्धकाबरोबर खड्ड्यात घाला. संवर्धक टनाला १ किलो पुरते. चार-आठ दिवसांनी खड्ड्यात लोखंडी गज खुपसून पाहा. तो गरम लागला की समजा काम सुरू झाले.

मातीने दिलेले औषध

आता शेतातून दवाखान्याकडे वळू. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये एका बुरशीपाशी जिवाणू वाढत नाहीत असे दिसले आणि त्यातून पेनिसिलीन मिळाले. १९४३ मध्ये अमेरिकेत मातीतल्याच एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसीन मिळाले आणि क्षयरोगावर पहिले प्रभावी प्रतिजैविक हाती आले. आपल्या राज्यात पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. तेथील शास्त्रज्ञांनी मातीतून शोधलेल्या एका सूक्ष्मजीवाला पिंपरीवरूनच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना हे नाव मिळाले. त्यापासून हमायसीन हे बुरशीविरोधी औषध तयार झाले. ज्या मातीला आपण नुसती धूळ समजतो तिने कित्येकांचे प्राण वाचवले आहेत.

परंतु फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या भाषणातच धोका सांगितला होता. औषध अपुऱ्या मात्रेत वापरले तर जिवाणू मरत नाहीत, उलट त्या औषधाला सरावतात. आठ तासांत एकाचे दीड कोटी होतात हे आपण पाहिलेच. त्यांतला एखादा जरी औषधाला पुरून उरला तरी पुढची सारी पिलावळ त्याचीच.

आपल्या शेतात हे कसे घडते? कपाशीवरील जिवाणूजन्य करपा, लिंबावरील खैऱ्या यासाठी स्ट्रेप्टोसायक्लीनची छोटी पुडी आपल्यापैकी अनेकांनी फवारली आहे. त्यात स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लीन असते. क्षयाच्या रुग्णासाठी राखून ठेवायचे औषध आपण पंपातून वावरभर उडवत होतो, तेही बहुतेक वेळा अंदाजाने. केंद्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये या दोन प्रतिजैविकांचा शेतीतील वापर थांबवण्यासाठी आदेशाचा मसुदा काढला आणि त्यात वापर पूर्ण थांबवण्याची तारीख १ जानेवारी २०२४ अशी दिली. त्यामुळे "मागच्या वर्षीची पुडी शिल्लक आहे, मारून टाकू" हा विचार सोडून द्या. निरोगी बियाणे, रोगट भाग छाटून नष्ट करणे आणि शिफारशीप्रमाणे ताम्रयुक्त औषध, हा मार्ग धरा.

गोठ्यातही तेच. गाईला कासदाह झाला की प्रतिजैविकाच्या नळ्या कासेत सोडतात. ते औषध दुधात उतरते. अशा दुधाला विरजण लावून पाहा, दही नीट लागत नाही. कारण औषध विरजणाच्या जिवाणूलाही मारते. जे दूध विरजणाला चालत नाही ते आपण लेकराला पाजावे का? औषधाच्या वेष्टनावर दूध किती दिवस वापरू नये हे लिहिलेले असते. तेवढे दिवस ते दूध डेअरीत घालू नका आणि घरीही वापरू नका.

घरच्या आजारपणातही हीच शिस्त ठेवा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका आणि उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका. पहिल्या पावसानंतर गावात जुलाबाची साथ येते, तेव्हा आधी विहिरीत ब्लीचिंग पावडर पडली आहे का ते पाहा. रुग्णाला १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून पाजत दवाखान्यात न्या. प्रत्येक जुलाबाला प्रतिजैविक लागत नाही. पाणी मात्र प्रत्येकालाच लागते.

जिथे हे औषध चालत नाही

सूक्ष्मजीवांत एक जात वेगळी आहे, ती म्हणजे विषाणू. प्रतिजैविक जिवाणूला मारते, विषाणूला नाही. हा एक मुद्दा कळला असता तर आपल्या जिल्ह्यातील कितीतरी पैसा वाचला असता.

२०२० चा पावसाळा आठवा. जळगाव जिल्ह्यात केळीवर हरण्या आला, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू. पानांवर पिवळट पट्टे, वाढ खुंटलेली, पोंगा सडलेला. अनेकांना नव्या बागा उपटाव्या लागल्या. त्या काळात ज्याने जे सांगितले ते फवारले गेले, प्रतिजैविकेही फवारली गेली. विषाणू झाडाच्या पेशीत शिरलेला असतो, तो फवाऱ्याने निघत नाही. उपाय एकच आणि तो कठोर आहे. पहिले रोगट झाड दिसताच मुळासकट उपटून बागेबाहेर पुरावे किंवा जाळावे. मावा हा रोग पसरवतो, त्याचा बंदोबस्त करावा. काकडीवर्गीय पिके, टोमॅटो, मिरची, वांगी ही त्या विषाणूची माहेरघरे आहेत, ती केळीत किंवा केळीलगत घेऊ नयेत. बांधावरील तण काढावे. रोपे विषाणूमुक्त असल्याची खात्री करून घ्यावीत. हाताने वाढवलेले झाड उपटताना जीव तुटतो हे मी पाहिले आहे. पण पहिले दहा उपटले नाहीत तर पुढे शंभर उपटावे लागतात.

लम्पीचेही तसेच. २०२२ च्या साथीत राज्यात अगदी सुरुवातीला ज्या भागात आजार दिसला त्यात रावेर तालुका होता. तोही विषाणूच. माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत तो पसरतो. तिथे उपयोगी पडली ती लस, बाधित जनावर वेगळे बांधणे आणि गोठ्याची स्वच्छता. जखमेत जिवाणू शिरले तर पशुवैद्य प्रतिजैविक देतात, पण तो निर्णय त्यांचा. लसीचे महत्त्व आपल्या मुंबईने फार पूर्वी पाहिले आहे. प्लेगच्या साथीत हाफकिन यांनी मुंबईतच लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

कपाशीचा धडा

शेवटी आपल्या कपाशीविषयी. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीतला जिवाणू. त्याचे प्रथिन बोंडअळीच्या पोटात गेले की तिचे आतडे फाटते. त्या प्रथिनाचा जनुक कपाशीत घालून २००२ मध्ये देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. पहिली काही वर्षे फवारण्या घटल्या, आपण निश्चिंत झालो. बियाण्याच्या पिशवीबरोबर नॉन बीटीची छोटी पुडी मिळे, ती कडेने पेरायची होती. आपण ती बांधावर फेकून दिली. पाणी आहे म्हणून मे महिन्यातच लागवड केली, भाव आहे म्हणून फरदड ठेवली. गुलाबी बोंडअळीला बारमाही अन्न मिळाले आणि ती त्या प्रथिनाला सरावली. २०१७ च्या हंगामात राज्यातील कापूस उत्पादकांनी त्याची किंमत मोजली.

प्रतिजैविकाला सरावलेला जिवाणू आणि बीटीला सरावलेली अळी, या दोन्ही गोष्टी एकाच चुकीतून घडल्या. सूक्ष्मजीवाने दिलेले हत्यार फुकटचे समजून आपण ते बोथट केले.

समारोप

बंधू-भगिनींनो, सूक्ष्मजीव हा आपला मित्र की शत्रू, असे मला पुष्कळदा विचारतात. तो दोन्ही आहे. आपण त्याच्याशी कसे वागतो यावर पुष्कळ अवलंबून आहे. जाताना एवढे लक्षात ठेवा :

• जिवाणू खताचे पाकीट म्हणजे जिवंत जनावर. त्याला ऊन लागू देऊ नका.
• बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी.
• पस्तिसाव्या दिवशी रोप काढून गाठ फोडा आणि लाल रंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. दुकानदाराच्या किंवा माझ्याही शब्दावर जाऊ नका.
• प्रतिजैविक अंदाजाने वापरू नका, ना पिकावर, ना जनावरावर, ना माणसावर.
• हरण्याचे पहिले झाड दिसताच उपटा.
• फरदड घेऊ नका, जूनपूर्वी कपाशी लावू नका.
• काडीकचरा जाळू नका, तो मातीतल्या सालदारांची भाकरी आहे.

शंका असेल तर पाल, ममुराबाद किंवा धुळे येथील कृषी विज्ञान केंद्रात, अथवा आमच्या महाविद्यालयात जरूर या. येताना रोगट रोप किंवा गाठी असलेले मूळ ओल्या कागदात गुंडाळून घेऊन या, नुसत्या वर्णनावरून सल्ला देणे कठीण जाते.

आणि यंदा मूग-उडदाचे पाकीट घेतल्यावर ते गाडीच्या डिकीत ठेवून बाजार करू नका. आधी ते घरी माठाशेजारी ठेवा, मग बाजार करा. माझे एक वर्ष जीपमध्ये करपले. तुमचे करपू नये, एवढेच सांगायला आलो होतो.